डोळ्यांच्या उंचीवर

१

टीव्ही भिंतीला लावणाऱ्या माणसाला घरातल्या माणसांपेक्षा जास्त मतं असतात, हे हेमांगीला त्या रविवारी कळलं.

“ताई, पयले सांगा, बघनार कोन?” मनोरहून आलेल्या भाग्येशने ड्रिलची पिशवी फरशीवर टेकवत विचारलं. पोट सुटलेलं, कानावर पेन्सिल, आणि बोईसरातल्या सगळ्या भिंती बघून झाल्याचा चेहऱ्यावर थकवा.

“बघणार आमच्या माई.”

“कुठं बसून?”

“या खुर्चीत.”

“मग बसवा त्यांना. डोळ्याची उंची घेतल्याबिगर मी भोक पाडत नाय. लोकं देवासारखा वर लावून घेतात आनि मग मानेला पट्टा लावून फिरतात.”

माई म्हणजे हेमांगीच्या सासूबाई. चिंचणीच्या वाडीत चिकूच्या झाडांना आणि माणसांना एकाच आवाजात हुकूम सोडणाऱ्या. गेल्या पावसाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि जीभही गेली. मितेशने आईला बोईसरच्या फ्लॅटमध्ये आणलं, आतल्या खोलीत लोखंडी कॉट टाकली, कॉटच्या पुढ्यात हातांची खुर्ची ठेवली. तेव्हापासून माई खुर्चीतून कॉटवर आणि कॉटवरून खुर्चीत. तोंडातून शब्द म्हणून नाही. पालघरच्या स्पीच थेरपीवाल्या मुलीने सांगितलं, रोज कानावर शब्द पडू देत. म्हणून हा टीव्ही. अवाढव्य, कारण मितेशचं प्रेम आधीपासून इंचांतच मोजायचं असतं.

लग्न झाल्यापासून हेमांगीने माईंची जीभ सोसली होती. “हेमे, डाळीत मीठ टाकायला म्हायेरचं मानूस बोलवायचं का गो?” हा तर रोजचा प्रसाद. आता घर इतकं गप्प की एकदा हेमांगीने मुद्दाम अळणी डाळ वाढली होती. माईंनी ती मुकाट खाल्ली. त्या दिवशी हेमांगी बाथरूममध्ये नळ सोडून रडली, आणि मग नळाचं पाणी फुकट घालवलं म्हणून स्वतःवरच चिडली.

भाग्येशने माईंच्या डोळ्यांसमोर टेप धरली, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. हेमांगी चहा टाकायला गेली. ड्रिल सुरू झालं तशी खालच्या मजल्यावरची खिडकी उघडल्याचा आवाज आला. बोईसरात कुठे धडाधड झालं की लोक आधी म्हणतात, कंपनीत काहीतरी उडालं. मग म्हणतात, भूकंपाचा धक्का. आणि मग सावकाश बघायला जातात की आपल्याच घरात काय पडलं.

ती चहा घेऊन आली तेव्हा टीव्ही भिंतीवर चढलाही होता. पण पेन्सिलची रेघ त्याच्या डोक्यावर वीतभर उघडी दिसत होती.

“अहो, रेघ वर राहिली की!”

“आजी बोलल्या ना.”

“कोण?”

“आजी. मी भिंतीकडं तोंड करून व्हतो. ड्रिल थांबवलं तर मागून बोलल्या, वर हाय गो.” भाग्येश हसला. “मला ‘गो’ बोलल्या. म्हटलं जाऊ दे, म्हाताऱ्या मानसाला पाठीवरून काय कळतं बाई का बाप्या. बघनार त्याच, मंग घेतला खाली.”

हेमांगीच्या हातातला चहा बशीत सांडला.

२

“माई, तुम्ही बोललात?”

माईंनी मान हलवली. नाही. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. नाही.

आणि इथेच सगळी गोम होती. थेरपीवाल्या मुलीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं: “यांचं हो-नाही उलटसुलट होतंय. चहा हवा का विचारलं तर नाही म्हणतात आणि हात पुढे करतात. मानेवर जाऊ नका. आजूबाजूला काय चाललंय त्यावर जा.”

आजूबाजूला तर परका माणूस सांगत होता, बोलल्या म्हणून. त्याला खोटं बोलून काय मिळणार होतं?

“नाही म्हणतायत, म्हणजे हो!” हेमांगीने माईंचा डावा हात दोन्ही हातांत धरला. तो हात बर्फासारखा होता आणि त्याने तिची बोटं इतकी घट्ट आवळली की बांगडी रुतली. आनंद झालाय बाईंना, हेमांगीला वाटलं.

मितेश पहिल्या पाळीवरून आला आणि पायातले बूट न काढता आतल्या खोलीत शिरला. एरवी हा गुन्हा. त्या दिवशी माफ. त्याने खुर्चीपुढे उकिडवं बसून आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

“माई, एकदा मितू बोल. बाकी काय नको. मितू.”

माईंना लकवा मारला त्या सकाळी त्यांनी मितेशला फोन केला होता. कंपनीत मोबाइल गेटवरच्या कप्प्यात ठेवावा लागतो. तो वाजून वाजून थांबला. त्या शेवटचं काय बोलणार होत्या, ते कुणालाच कळलं नाही. मितेश याबद्दल कधी बोलत नसे. पण तेव्हापासून घरात फोन वाजला की जेवणाच्या ताटावरून उठायचा.

माई मितू बोलल्या नाहीत. त्यांचे डोळे मितेशच्या डोक्यावरून पलीकडे, नव्या टीव्हीवर होते. टीव्ही बंद होता.

“येईल हळूहळू,” हेमांगी म्हणाली. “ड्रिल ऐकून बोलल्या. अजून दोन-चार भोकं पाडून घेऊ भिंतीला, काय जातंय.”

मितेश रडत होता तो हसला. नाशिकच्या हॉस्टेलवर लेकीला, मेघालीला फोन गेला. शेजारी पेढे गेले. टीव्हीचं खोकं मात्र कुठेच जाईना. वॉरंटी संपेपर्यंत खोकं टाकायचं नाही हा मितेशचा कायदा. माळ्यावर मिक्सरचं, पंख्याचं, बंद पडलेल्या कूलरचं, सगळी खोकी पेन्शनीत बसल्यासारखी बसलेली. हे तिथे मावेना. शेवटी माईंच्या कॉटखाली सरकवलं, आत थर्माकोलसकट. चादरीची कड त्याच्यावर सोडली की दिसतही नव्हतं.

३

हेमांगी पालघरला एका पॅथॉलॉजी लॅबच्या खिडकीत बसायची. “उपाशी आहात का?” हा प्रश्न दिवसभर लोकांना विचारायचा आणि स्वतः डब्यातलं लपूनछपून खायचं, अशी नोकरी. ती येईपर्यंत माईंजवळ सपना असायची, डोंगराकडच्या पाड्यावरून येणारी. कामाला चोख, बोलायला त्याहून चोख.

“काकी, आज म्हातारी बोलली,” एका संध्याकाळी दार उघडता उघडता सपनाने सांगितलं.

“काय बोलल्या?”

“वर हाय बोलली. मी गॅलरीत कपडे वाळत घालत व्हते. दोनदा बोलली. आत आले तर गप.”

“तोंड हललेलं दिसलं तुला?”

“गॅलरीतून कसं दिसंल?” सपनाने पिशवी खांद्याला लावली. “आनि काकी, ते खोकं बाहेर काढू नका हो. झाडू मारताना पायात येतं.”

“मी कशाला काढू?”

“मग रोज कोन काढतं? मी आत ढकलते, दुपारपर्यंत परत बाहेर.”

फरशी गुळगुळीत, खोकं हलकं, पंख्याच्या वाऱ्याने सरकत असेल. हेमांगीने असंच काहीतरी म्हटलं आणि खोकं पायाने आत लोटलं. आत जाताना ते मध्येच अडलं. कशाला तरी मऊ लागून अडावं तसं. तिने परत रेटलं तेव्हा गेलं. थर्माकोल, ती मनाशी म्हणाली. थर्माकोल कधीपासून मऊ झालं, हा प्रश्न मनाने विचारला आणि मनानेच तो कुकरची शिट्टी होईपर्यंत बाजूला ठेवला.

तिसऱ्या शिट्टीनंतर तिने स्वतः ऐकलं.

“वर हाय गो. दिसत नाय.”

माईंचाच आवाज. तोच घोगरेपणा, तीच ‘गो’वरची लांबट ओढ. हेमांगीचे डोळे आधी भरले, पाय मग पळाले. माई खुर्चीत होत्या. ओठ मिटलेले, कोरडे, वरच्या ओठावर दुपारच्या पेजेचा पापुद्रा तसाच. आत्ता बोललेल्या माणसाचा तो पापुद्रा फाटायला नको?

“माई, मी ऐकलं! परत बोला. हेमे म्हणा. शिव्या घाला पाहिजे तर.”

माईंनी मान हलवली. नाही, नाही, नाही. मग डावा हात उचलून टीव्हीकडे केला, तिथून खाली, अजून खाली, आणि फरशीजवळ आणून बोटं झटकली.

“खाली घ्यायचा? अजून?”

माईंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्या रात्री पोळ्या लाटताना हेमांगीच्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत माईंनी तिला हेमे म्हटल्याशिवाय एक वाक्य सुरू केलं नव्हतं. आणि स्वतःसाठी कधी काही मागितलंही नव्हतं. मग तिने पोळी उलटली. आजाराने माणूस बदलतो. लॅबच्या खिडकीत बसून एवढं तरी ती शिकली होती.

४

भाग्येश परत आला तो कुरकुरतच.

“ताई, भिंतीची चाळन व्हनार. आता कुनाच्या डोळ्याला लावू?”

“माईंच्याच. त्या म्हणतात वर आहे.”

“आजींच्या डोळ्याला तर पयलाच वर नव्हता.” त्याने टेप ओढली, खुर्चीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. “आता घेतला तर गुडघ्याला येईल त्यांच्या. एवढ्या खाली कोन बसतं तुमच्याकडं?”

“कोणी नाही. तुम्ही लावा हो. सासूबाईंनी सांगितलं की आमच्यात प्रश्न विचारत नाहीत. विचारले असते तर माझं लग्न टिकलं असतं का?”

भाग्येश हसला. लावूनही दिला. मग तो खाली पडलेले स्क्रू गोळा करायला फरशीवर बसला. टीव्ही बंद होता, काळाभोर, आरशासारखा. भाग्येशची मान खालून वर आली आणि पडद्यासमोर थांबली. हेमांगी चहाचा कप घेऊन दारात उभी होती, त्यामुळे तिला त्याची फक्त पाठ दिसली. घामाने भिजलेला शर्ट पाठीला चिकटला होता आणि तो शर्ट श्वासाबरोबर वरखाली व्हायचा थांबला होता.

“चहा,” ती म्हणाली.

तो उठला, पिशवी उचलली, तिच्या अंगाला अंग लागू नये म्हणून चिंचोळ्या दारातून आडवा होऊन निघाला.

“अहो, चहा! आणि हा तुमचा लेव्हल राहिला!”

जिन्यात चपला वाजत गेल्या. सरळ रेघ तपासायची ती लेव्हलची पट्टी, नळीतल्या बुडबुड्यासकट, कपाटावर तशीच राहिली. हेमांगीने नंतर फोन केले. पहिले दोन वाजले. मग ते वाजायचेही बंद झाले.

“चहा न घेता गेलेला कारागीर बोईसरात पहिल्यांदाच बघितला,” तिने रात्री मितेशला सांगितलं. दोघं हसले. तिचं हसू जरा आधी संपलं.

त्याच आठवड्यात माई पाय वर घ्यायला लागल्या. डावा पाय तर त्या आधीही हलवायच्या. पण आता डाव्या हाताने उजवा, मेलेला पायही पकडायच्या, गाऊनच्या कापडासकट ओढून ओढून खुर्चीच्या बैठकीवर घ्यायच्या. घामाघूम व्हायच्या. सपनाने खाली ठेवला की परत ओढायच्या. दिवसभर.

व्यायाम करून घ्यायला घरी येणाऱ्या फिजिओथेरपीवाल्याने टाळी वाजवली. “काकू, ही तर कमाल झाली! कोणी शिकवलं त्यांना?”

“आपोआप,” हेमांगी अभिमानाने म्हणाली.

“म्हातारी टीव्ही बघतच नाय,” सपना दारातून म्हणाली. “टीव्हीच्या काचंत बघते. मी चालू केला की डोळे मिटते आनि बंद केला की उघडते. मला नाय आवडत, काकी. पुढच्या आठवड्यात बहिनीचं लगीन हाय. मी जाते. मग बघू येते का नाय.”

५

“तो टीव्ही काढून बाहेरच्या खोलीत लावू या का?” हेमांगीने विचारलं.

मितेश जेवत होता. घास हातातच राहिला.

“का?”

तिने मनातल्या मनात कारणं मोजली. खोकं सरकतं म्हणून? एक माणूस चहा न पिता गेला म्हणून? लॅबमध्ये कोणी असं सांगितलं असतं तर तिने हसू दाबत खिडकीची काच लावून घेतली असती.

“त्या बोलताना कुणी बघितलंय का सांगा. मी नाही, सपनाने नाही, तुम्ही नाही. आपण दुसऱ्या खोलीत असलो की बोलतात. आपण गेलो की गप्प.”

“लाजत असेल. एवढ्या दिवसांनी बोलायचं म्हणजे.”

“माई? लाजतील?”

मितेश पाणी प्यायला. “हेमा, काल मी दाढी करत होतो. आतून आवाज आला. दिसत नाय रे, बोलली. ‘रे’ बोलली. म्हणजे मला बोलली ना? किती दिवसांनी आईने मला काही सांगितलं. एक गोष्ट मागतेय ती. एक. ती पण द्यायची नाही?”

त्याच्या तोंडाकडे बघून हेमांगीचं सगळं शहाणपण ताटातल्या आमटीसारखं गार झालं. तुमच्या आईचा आवाज तुमच्या आईचा नाही, हे वाक्य कोणत्या तोंडाने म्हणायचं? आणि समजा म्हटलं, तर मग कोणाचा? या प्रश्नाच्या दारापर्यंत ती गेली आणि चप्पल न काढताच परत फिरली.

भाग्येश फोन उचलत नव्हता. मितेशने कंपनीतल्या मेंटेनन्सच्या दोस्ताकडून ड्रिल आणलं आणि रविवारी स्वतःच टीव्ही उतरवला. माई खुर्चीतून बघत होत्या. तो पहिलं भोक पाडायला लागला तेव्हा त्यांनी डावा हात खुर्चीच्या हातावर आपटायला सुरुवात केली. मान हलत होती. नाही, नाही, नाही.

“बघ, किती खूश आहे,” मितेश ओरडला, ड्रिलवरून ऐकू जावं म्हणून.

हेमांगी माईंच्या मागे उभी होती. तिने माईंच्या मानेवर हात ठेवला आणि तिला तो हलणारा मणका बोटांखाली लागला. खूश माणसाचं अंग असं असतं का? पण ती बोलली नाही. ड्रिल थांबलं असतं तर कदाचित बोलली असती. ते थांबेपर्यंत टीव्ही लागला होता. फरशीच्या जेमतेम वर, भिंतीच्या तळाशी, मांजराने बघावा तसा.

वरच्या सगळ्या भोकांत मितेशने पांढरी लांबी भरली. जिना उतरत गेलेल्या पावलांसारखे ते ठिपके भिंतीवर राहिले.

त्यानंतर घरात आवाज आला नाही. मितेश रोज येऊन विचारायचा, “काही बोलली?” हेमांगी मान हलवायची, नाही. आणि तिला वाटायचं, चला, सुटलो.

६

शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, हे बोईसरात पंचांगात छापायचंच राहिलंय. सपना लग्नाला गेली होती. हेमांगीने रजा टाकली. सकाळी तिने आतली खोली स्वतः पुसली. खोकं बाहेर काढून कॉटखाली पार भिंतीपर्यंत ओला फडका फिरवला. कोरडी फरशी, एक हेअरपिन, बाकी काही नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं म्हणून तिला बरं वाटलं. खोकं परत आत ढकललं. या वेळी अडलं नाही.

दुपारी जेवणं झाली, लाइट नव्हती, पंखा थांबलेला. खिडकीतून ऊन आणि कंपन्यांचा तो आंबट वास येत होता. तिने खोबरेल कोमट केलं आणि माईंच्या पायाला लावायला फरशीवर बसली.

“द्या पाय. महाराणीसारखे वर घेऊन बसलात ते.”

माईंनी पाय आणखी जवळ घेतले.

“बघा हं, मग उद्या मेघाली फोनवर विचारेल, आजीच्या टाचा कशा आहेत, तर मी सांगेन, तारापूरच्या खडकासारख्या.”

माईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्या तिच्याकडे बघतच नव्हत्या. हेमांगीने तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि माईंच्या नजरेच्या दिशेने मान वळवली.

टीव्ही बरोबर तिच्या डोळ्यांसमोर होता.

इतके दिवस तो तिला वेडावाकडा, चुकीच्या जागी टांगलेला वाटत होता. फरशीवर बसल्यावर तो एकदम नीट दिसला. जिथे असायला हवा तिथे. काळ्या काचेत सगळी खोली होती: खिडकीचा चौकोन, खुर्चीचे पाय, वर माईंचा गाऊन. आणि मधोमध एक केस वर बांधलेली, ऐसपैस बाई. अगं बाई, आपण एवढ्या सुटलोय? हेमांगीने पोट आत घेतलं. काचेतल्या बाईनेही घेतलं.

त्या बाईच्या मागे कॉट होती. कॉटवरून खाली सोडलेली चादरीची कड. आणि कडेच्या बाहेर खोकं.

सगळंच्या सगळं बाहेर. तिच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर. तिला सरकल्याचा आवाज आला नव्हता. लाइट नव्हती, पंखा बंद होता, घरात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

मागे वळायचं, उठायचं, माईंना उचलायचं. इतकं सोपं होतं. पण माईंना ती एकटी उचलू शकत नव्हती. कधीच शकली नव्हती, सपना लागायची. हा हिशोब तिच्या डोक्यात शांतपणे झाला आणि ती बसून राहिली.

काचेत चादरीची कड वर उचलली गेली. वाऱ्याने उडते तशी नाही. एका ठिकाणीच, जरासं टोक. पडद्यामागून प्रेक्षक किती आलेत बघायला कोणी बोटाने पडदा बाजूला करावा, तशी.

आणि तिच्या डोळ्यांवर अंधार आला. मऊ, सुरकुतलेला, बर्फासारखा गार. माईंचा डावा हात. वरून वाकून माईंनी तिचे दोन्ही डोळे तळव्याने झाकले होते आणि तिचं डोकं आपल्या मांडीवर ओढून दाबलं होतं.

“हे…” वरून आवाज आला. फाटका, थुंकीत बुडालेला, कुठल्याच आवाजासारखा नसलेला. “हे… हे…मे.”

हेमे. माई बोलल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माई बोलल्या, आणि हेमांगीला कळलं की याआधी त्या एकदाही बोलल्या नव्हत्या.

मागून, तिच्या मानेच्या उंचीवरून, माईंचा सुरेख धडधाकट आवाज आला.

“आता दिसतं गो.”

हेमांगीने किंचाळायला तोंड उघडू पाहिलं. उघडलंच नाही. जबडा दाताच्या डॉक्टरकडून आल्यासारखा जड झाला होता, आणि आत जीभ होती, पण कुणा दुसऱ्याची असावी तशी, निवांत पडलेली. तिने माईंचं मनगट धरलं. 

बाहेरच्या दारात किल्ली फिरली.

“हेमा?” मितेशचा आवाज. पिशवी ठेवल्याचा आवाज. “लाइट नाही ना? कुठे आहात गं दोघी?”

येऊ नका. हेमांगीने सगळं बळ गळ्यात आणलं. येऊ नका, येऊ नका. गळ्यातून श्वास तेवढा आला.

“आत आहोत की!” तिच्या पाठीमागून, फरशीजवळून कोणीतरी म्हणालं. हसत, लाडात, शेवटी जरा चिडवत. हेमांगीचा आवाज. अगदी तिचा. “या ना अहो. बूट काढा मात्र. माई बोलल्या आज!”

“काय सांगतेस!”

धावत येणारी पावलं. एक बूट पडला, दुसरा पडला. दारात तो थांबल्याचं तिला त्याच्या श्वासावरून कळलं. त्याला काय दिसत असेल? खुर्चीत आई, आईच्या मांडीवर बायकोचं डोकं, आईचा हात बायकोच्या डोळ्यांवर. लहान मुलांचा खेळ चालल्यासारखं.

“खरंच बोलली? हेमा, खरंच?”

माईंच्या तळव्याखाली हेमांगीने मान हलवली. नाही. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. नाही, नाही, नाही. वर माईंची मान हलत होती हे तिला मांडीवरून कळत होतं. दोघींची एकदमच.

मितेश हसला. तोंडभर, पोटातून, त्या पावसाळ्याआधी हसायचा तसा.

“पुरे झाली नौटंकी तुम्हा दोघींची,” तो म्हणाला. “काय बोलली, सांग तरी.”

“इथे बसा ना,” तिचा आवाज म्हणाला. “खाली. इथून बरं दिसतं.”

आणि तो बसायला वाकला तेव्हा त्याच्या गुडघ्याचं हाड नेहमीसारखं कट्कन वाजलं.